चामखीळ आणि तुरटीचा खडा

संपादकांचा फोन आला, "डॉक्टर, दिवाळी अंकासाठी एखादी थरारक केस लिहा." मी म्हटलं, अहो, मी हृदयाचा डॉक्टर नाही की मेंदूचा नाही. बारामतीत बसून आयुष्यभर लोकांच्या कातडीकडे बघत आलो. खरूज, गजकर्ण आणि चामखिळी, यावर माझा प्रपंच चालला. चामखिळीनं कुणी मरत नाही आणि चामखीळ बरी केली म्हणून कुणी डॉक्टरचा फोटो घरात लावत नाही. तरीपण माझ्या धंद्यात मला माणूस म्हणून काही शिकवलं असेल तर ते एका चामखिळीनं. तिचीच हकीकत लिहितो. थरार कमी पडला तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.

चामखीळ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण भल्याभल्या शिकलेल्यांना ते ठाऊक नसतं. हा एका विषाणूचा उद्योग आहे. कातडीला बारीकशी चीर किंवा ओरखडा मिळाला की तो आत शिरतो आणि वरच्या थराला भराभर वाढायला लावतो. दोन-तीन महिन्यांनी तिथं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खरखरीत उंचवटा दिसायला लागतो. तिला मूळ नसतं. "मुळापासनं काडा डॉक्टर," असं म्हणत लोक ज्या काळ्या ठिपक्यांकडे बोट दाखवतात, त्या रक्त साकळलेल्या बारीक वाहिन्या असतात. तळपायाला आली तर चालताना दाबली जाऊन ती आत बसते, आणि मग सगळे तिला कुरूप म्हणून मोकळे होतात. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की दुखते. एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

माझ्याकडे येईपर्यंत बहुतेक चामखिळींचे घरगुती उपचार होऊन गेलेले असत. कुणी चुना लावलेला, कुणी रुईचा चीक, कुणी बिब्बा घालून भोवतालची चांगली कातडीही भाजून घेतलेली. सगळ्यात मान होता तो घोड्याच्या केसाला. घोड्याच्या शेपटीचा केस चामखिळीला गच्च बांधायचा, म्हणजे ती वाळून गळून पडते असा समज. काटेवाडीचे एक गृहस्थ लंगडत आले. मी चामखीळ शोधायला लागलो तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या, आदी मांडी बगा." वरातीच्या घोड्याचं शेपूट धरायला गेले होते. चामखीळ मानेवर जशीच्या तशी होती आणि मांडीवर नालेचा स्वच्छ ठसा उमटला होता.

हसायला ठीक आहे, पण आम्ही डॉक्टर तरी काय मोठे शहाणे? लोणी भापकरची एक शाळकरी मुलगी आईबरोबर आली. दोन्ही हातांवर मिळून वीसेक चामखिळी. जाळायचं मशीन पाहून तिनं जो सूर लावला तो रस्त्यापलीकडे ऐकू गेला असणार. मी मशीन बाजूला ठेवलं, जखमांना लावतात ते जांभळं औषध बाटलीत भरून दिलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की रोज एक थेंब, दिवाळीपर्यंत सगळ्या जातील. दिवाळीला आई पेढे घेऊन हजर. एकही चामखीळ उरली नव्हती. खरी गोष्ट अशी की लहान मुलांच्या बऱ्याचशा चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआपच जातात. शरीराला उशिरा का होईना जाग येते आणि ते त्या विषाणूला हाकलून देतं. त्या वेळी जो कुणी उपचार करत असेल त्याचं नाव होतं, मग तो डॉक्टर असो की घोडा. मी पेढे खाल्ले. पण पूर्वी किती पोरांना उगाच चटके दिले, ते आठवून तो पेढा जरा घशात अडकला.

मोठ्या माणसांच्या चामखिळी मात्र चिवट. तळव्याच्या असतील तर रोज कोमट पाण्यात पाय बुडवून, जाड कातडी घासून काढून आम्लाचं औषध महिनोन् महिने लावायचं. बाकी ठिकाणी भूल देऊन मशीननं जाळायची. गोठवायचं असेल तर द्रव नायट्रोजन लागतो. तो पुण्याच्या मोठ्या इस्पितळांत असायचा, आमच्याकडे कुठला? पण आमचा भाग दुधाचा. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य ज्या टाकीत साठवतात, ती द्रव नायट्रोजनचीच असते. जनावरांच्या एका डॉक्टर मित्राकडून मी थर्मासमध्ये तो आणायला लागलो. कापूस बुडवायचा आणि चामखिळीवर टेकवायचा. ही बातमी फुटल्यावर एका दूधवाल्यानं हात पुढे करता करता विचारलं, "डॉक्टर, ह्यानं दुसरं काय हुत न्हाय नव्हं?" मी म्हटलं, फक्त चामखीळ मरते, बाकी तुम्ही आहात तसेच राहाल.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

नव्वदीच्या त्या दशकात दर गुरुवारी मी इंदापूरला जायचो. एका औषधाच्या दुकानावरची खोली होती. मधे कापडी पडदा, अलीकडे मी, पलीकडे बाकांवर पेशंट. एका उन्हाळ्यात माझ्याकडे दाढीत चामखिळी झालेले पुरुष यायला लागले. दाढीतली चामखीळ वेगळी दिसते, बारीक देठासारखी. दाढी करताना पातं एकीचं डोकं उडवतं आणि पुढच्या ओरखड्यात तिचं बी टाकत जातं, त्यामुळं पाभरीनं पेरल्यासारख्या त्या ओळीत उगवतात. दोन महिन्यांत असे सात जण आले आणि सातही जण डाळज गावचे. सातवे होते तात्या. उसाचे बागायतदार, आवाज असा की शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी बोलावं.

मी विचारलं, "तात्या, दाढी कुठं करता?"

"आमच्या सोपानकडं. समदं गाव तितंच करतंय. हायवेला दुकान हाय त्येचं."

मला उत्तर सापडल्याचा भारी आनंद झाला. त्या आनंदात माझा आवाजही तात्यांच्या पट्टीत गेला. "मग त्या सोपानकडं जाणं बंद करा आधी. एकच ब्लेड गावभर फिरवतोय तो. सगळ्या गावाला चामखिळी वाटल्यात त्यानं." पडद्यापलीकडचे बाक एकदम गप्प झाले. मला वाटलं, आपण सार्वजनिक आरोग्याचं मोठं काम केलं.

तीन-चार गुरुवार गेले. एक दिवस सगळे पेशंट संपल्यावर एक पन्नाशीचा, स्वच्छ पांढऱ्या कपड्यातला माणूस पडदा सारून आत आला. उभाच राहिला. हातात पुठ्ठ्याचा खोका होता.

"मी सोपान. डाळजचा," तो म्हणाला.

मी बसा म्हटलं. तो बसला नाही. खोका टेबलावर ठेवून त्यानं झाकण काढलं. आत वापरलेल्या ब्लेडचे अर्धे अर्धे तुकडे होते, गंजलेले, शेकड्यांनी.

"एड्सचं कानावर आलं तवापास्नं मी हरेक मानसाला नवं पातं लावतो साहेब. वापरलेलं ह्यात टाकतो, कुनाच्या पायात जाऊ नये म्हनून. तुमी म्हनला एकच ब्लेड फिरवतो. तुमी कदी बगितलं?"

त्यानं खोक्याचं झाकण पुन्हा लावलं.

"माझ्या बापानं, आज्यानं ह्येच काम केलं. आता कोन खुर्चीत बसत न्हाय. पोरं भिगवनला जात्यात. म्हातारी मानसं दाढी वाढवून बसल्यात पन माज्याकडं येत न्हाईत. रस्त्यानं जाताना तोंड फिरवत्यात. मी दुकान उगडतो, आरसा पुसतो, आन् बंद करून घरी जातो. एक डाव येऊन बगा साहेब. माजं चुकत असंल तर तुमच्या तोंडानं सांगा, मी वस्तरा ठिवतो. पन बगितल्याबिगर नगा सांगू."

एवढं बोलून तो खोका घेऊन निघून गेला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

इथं मला एक कबुली दिली पाहिजे. माझ्या आजोबांच्या तरुणपणी त्यांच्या गावातला न्हावी म्हशी भादरायचा, पण आमच्या वस्तीतल्या माणसाच्या डोक्याला हात लावायचा नाही. वस्तीतले लोक एकमेकांची दाढी करायचे. पुढं छप्पन सालानंतर आमचं घर बौद्ध झालं, वडील मास्तर झाले, पण ते जन्मात कधी कुणा न्हाव्याच्या खुर्चीत दाढीला बसले नाहीत. मला मिसरूड फुटल्यावर त्यांनी स्वतः आरसा धरून शिकवलं, "आपली दाढी आपण करायची." मी पुण्याला शिकायला गेल्यावर केस कापायला सलूनमध्ये जायला लागलो, पण गालाला दुसऱ्याचा वस्तरा लावून घेतला नव्हता. रोज घाईत आपली आपण करायची आणि जबड्याखाली डाव्या बाजूला हमखास कापून घ्यायचं, ही माझी रीत. सोपानचं नाव ऐकल्याबरोबर चौकशी न करता मी निकाल दिला, त्यात डॉक्टरकी किती होती आणि आजोबांचा सल किती होता, हे मी त्या दिवशी स्वतःला पहिल्यांदा विचारलं. उत्तर काही शोभणारं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी नेहमीचा रस्ता सोडून भिगवणवरून गेलो आणि सकाळी सकाळी डाळजला उतरलो. हायवेच्या कडेला पत्र्याचं दुकान, आत एक लाकडी खुर्ची, मोठा आरसा. सोपानराव बाहेर बाकावर बसले होते. मला पाहून उठले. मी ठरवून आलो होतो की शेजारी बसून चार दाढ्या बघायच्या. पण बघायला दाढ्या तर हव्यात. अर्धा तास गेला, चिटपाखरू आलं नाही. समोर चहाच्या टपरीवर मात्र माणसं जमली होती. तात्याही होते. सगळे आमच्याकडे बघत होते, पण एकही रस्ता ओलांडत नव्हता.

मी उठलो आणि खुर्चीत जाऊन बसलो. "माझी करा," म्हटलं.

खोटं कशाला बोलू, पाठ ताठ झाली होती. विषाणूची भीती होती आणि आणखीही काहीतरी होतं. सोपानरावांनी साबणानं हात धुतले, धुतलेला रुमाल गळ्याभोवती लावला, ब्रशनं फेस केला. माझ्या डोळ्यांसमोर कागदातून नवं ब्लेड काढून मधोमध मोडलं आणि अर्धं वस्तऱ्यात बसवलं. मग दोन बोटांनी गाल ताणून असा हात चालवला की पातं फिरतंय हे कळतसुद्धा नव्हतं. एवढ्या हलक्या हातानं माझ्या चेहऱ्याला आईनंतर कुणी शिवलं नव्हतं. जबड्याखाली एके ठिकाणी ते थांबले. कातडी ताणून बघितली, वस्तरा खाली ठेवला, कात्री घेऊन तिथले केस तेवढे कातरले. रोजच्या कापण्यानं तिथं घट्टा झालाय, म्हणून जपत असतील असं मला वाटलं. टपरीवरची माणसं तोवर रस्ता ओलांडून दारात येऊन उभी राहिली होती.

दाढी झाली. सोपानरावांनी फळीवरून तुरटीचा मोठा खडा घेतला, पाण्यात बुडवला आणि माझ्या गालावरून, हनुवटीवरून, गळ्यावरून फिरवला. सगळीकडे झोंबलं, आणि त्या झोंबण्याबरोबर माझ्या डोक्यात उजेड पडला.

"सोपानराव, हा खडा किती दिवसांचा?"

"दोन वर्सं झाली असतील. लई चालतो."

"सगळ्यांना हाच लावता?"

"व्हय. रगत थांबतंय."

ब्लेड माणसागणिक नवं, आणि तुरटी अख्ख्या गावाला एक. जिथं जिथं कापलं, खरचटलं, नेमकं तिथं तिथं तो ओला खडा घासला जात होता, एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर. तुरटीनं जखम स्वच्छ होते ही आपल्या सगळ्यांची समजूत, त्यामुळं तिच्यावर संशय कोण घेणार? खड्यावरच तो विषाणू होता असं मी प्रयोगशाळेत सिद्ध केलेलं नाही. पण तो खडा गेल्यावर डाळजच्या नव्या दाढ्यांत चामखिळी यायच्या थांबल्या, एवढं मी पाहिलं.

मी खुर्चीतून उठलो, तोंडाला रुमाल न लावताच दारात गेलो आणि लोकांना म्हणालो, "माझं चुकलं. सोपानराव प्रत्येकाला नवं ब्लेड लावतात, हे मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं. मी न बघता बोललो. दोष त्यांच्या हाताचा नव्हता." मग तुरटीचं समजावलं. खडा फेकायचा. तुरटीची पूड पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवायची आणि थोडं हातावर ओतून लावायचं. ब्रश रोज उकळायचा. कुणाच्या दाढीत चामखीळ दिसली तर तिथं वस्तरा लावायचा नाही, कात्रीनं भागवायचं आणि माणूस माझ्याकडे पाठवायचा.

"कात्रीचं मला ठाव हाय," सोपानराव हळूच म्हणाले.

कुणी हललं नाही. मग तात्यांनी टोपी काढली, खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसले. "चल सोपाना, डॉक्टरला काय झालं न्हाय तर मला काय हुतंय? कात्रीनं कर, न्हायतर डॉक्टर वरडंल."

सोपानरावांनी तो दोन वर्षांचा खडा उचलला आणि मागं टाकायला गेले. परत यायला त्यांना बराच वेळ लागला. आले तेव्हा डोळे धुऊन आले होते. मला त्या क्षणी माझ्या बोलण्याची जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती, आणि त्या तात्यांच्या मोकळ्या मनाचे मी तेव्हाही आभार मानले, आजही मानतो.

गाव हळूहळू परत आलं. मीही दर गुरुवारी भिगवणवरून जायला लागलो. दाढी डाळजला, मग इंदापूर. वडील तेव्हा हयात होते. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "हात हलका आहे का त्याचा?" मी हो म्हटलं. सोपानराव मला पेशंट पाठवायचे. कागदाच्या चिटोऱ्यावर नुसतं "डावा गाल" किंवा "मान, मागं" एवढंच लिहिलेलं असायचं. त्यांची नजर इतकी तयार होती की मोहरीएवढी चामखीळही सुटायची नाही. कुणाच्या डोक्यात चट्टा दिसला, कुणाच्या कानामागं बधिर डाग दिसला, तरी चिठ्ठी यायची. त्यातले दोन डाग कुष्ठरोगाचे निघाले, निदान वेळेत झालं म्हणून दोन माणसांची बोटं वाचली. पण ते पेशंट त्यांनी पाठवलेत हे पेशंटांच्या घरच्यांखेरीज गावात कुणाला कधी कळलं नाही. खुर्चीत ज्याचं जे दिसलं ते त्याच्याच कानात सांगायचं, ही त्यांची पद्धत.

त्या पहिल्या दाढीनंतर दोन-अडीच महिन्यांनी मी एकदा मान वर करून आरशात बघितलं आणि दचकलो. जबड्याखाली, डाव्या बाजूला, चामखीळ. चांगली देठाची. हिशेब सरळ होता, विषाणूला उगवायला लागतो तेवढाच वेळ गेलेला. तुरटीच्या त्या खड्यानं मला प्रसाद दिला होता. मी दवाखान्याचं दार लावून आरशासमोर स्वतःच ती जाळली आणि बायकोलासुद्धा सांगितलं नाही. सोपानरावांचं दुकान नुकतं सावरत होतं. डॉक्टरलाच तिथं चामखीळ लागली हे कळलं असतं तर संपलंच. एकदा बोलून त्यांचं नुकसान केलं, आता न बोलून फेडलं, असं मला वाटायचं. स्वतःच्या ह्या मोठ्या मनाचं मला पुढं कित्येक वर्षं फार कौतुक होतं.

दशक संपता संपता पाठदुखीनं मला प्रवास झेपेना. इंदापूरची फेरी बंद करायची ठरली. शेवटच्या गुरुवारी सोपानरावांच्या खुर्चीत बसलो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. गालाला फेस लागलेला, आणि मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही.

"सोपानराव, एक गोष्ट इतकी वर्षं तुम्हाला सांगितली नाही. त्या पहिल्या दिवशीच्या तुरटीनं मलाही चामखीळ झाली होती. इथं, जबड्याखाली. तुमच्या दुकानाला बट्टा नको म्हणून मी कुणाला बोललो नाही."

वस्तरा थांबला. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. ते हसले नाहीत.

"ती तुरटीनं न्हाय झाली साहेब. तुमी ती घिऊनच आलता."

"म्हणजे?"

"पयल्या दिशी वस्तरा लावायच्या आदीच दिसली मला. बारकी हुती, पन हुती. म्हनून तर कात्री घेतली."

मला आठवलं. थांबलेली बोटं, ताणून बघितलेली कातडी, खाली ठेवलेला वस्तरा. मी रोज जिथं कापून घ्यायचो ती जागा. दिवसभर चामखिळी हाताळणारा मी, कुठल्या तरी पेशंटची माझ्याच हातानं, माझ्याच ब्लेडनं स्वतःला लावून घेतली होती. आणि दारात सगळं गाव उभं होतं. ज्या डॉक्टरनं त्या माणसाचं दुकान बसवलं, त्याच डॉक्टरची हनुवटी त्याच्या हातात होती. एक शब्द पुरला असता.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं? तुमी कातडीचं डॉक्टर, तुमाला ठाव आसंल म्हटलं. गावाफुडं बोललो असतो तर तुमच्याकडं मग कोन आलं असतं? ज्येचा त्येचा धंदा हाय. आन् खुर्चीत बसलेल्या मानसाचं भाईर सांगत न्हाईत."

आजोबांच्या डोक्याला जे हात कधी लागले नाहीत, तसल्याच एका हातानं इतकी वर्षं माझी अब्रू झाकून धरली होती, आणि मी समजत होतो की झाकणारा मी आहे. आभार मानायला तोंड उघडलं तर ओठाला फेस लागला.

"आता बोलू नगा, लागंल," सोपानराव म्हणाले. "हनुवटी वर करा."

मी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.